आबांच्या डाव्या हाताला कोण उभं होतं

मी चौथीत असताना आमच्या दादांच्या अंगावरून वारं गेलं. दादा म्हणजे माझे वडील. पारनेर तालुक्यात खडी क्रशरवर घण मारायला जायचे. एका सकाळी भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांचा उजवा हात परातीत पडला, तोंड वाकडं झालं, आणि त्यानंतर दादा कधी बोलले नाहीत. शेजारच्या गावाहून एक माणूस टोपलीत कबुतर घेऊन आला. त्याचं रक्त गरम असतानाच लुळ्या अंगाला चोळायचं, असा तो उपाय. आई कबुतर धरून बसायची आणि रडायची. कबुतरासाठी की दादांसाठी, ते मला कळायचं नाही.

दादांना सगळं समजत होतं. पण बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं धरून पाव्हणे त्यांच्या कानाशी ओरडायचे, आणि उत्तर आलं नाही की "खुळा झाला" म्हणून उठून जायचे. थोरला भाऊ शाळा सोडून क्रशरवर गेला. आई खळ्यावर कांदा निवडायला जायची; नासका म्हणून टाकलेला कांदा, मीठ आणि भाकरी हे आमचं जेवण. दादांजवळ कुणीतरी बसायला हवं म्हणून शाळेची वेळ सोडली तर मला घरीच ठेवलं. बसल्या बसल्या दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी पुस्तकं वाचली. मी नववीत असताना दादा गेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, ती अशी.

कॉलेज, वसतिगृह, इंग्रजीची भीती, हे सगळं सांगत बसत नाही. मी व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, शिकले. नगरला (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच) पाटी लावली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पदवीधर मुलाला घेऊन आले. "मॅडम, नागापूरच्या एमआयडीसीत कुठंबी चिकटवा याला." पाटीवर 'व्यवसाय' वाचून आले होते. मी नोकऱ्या लावत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बोर्ड कशाला लावलाय?" तेव्हापासून पाटीखाली बारीक अक्षरांत 'लकवा व मेंदूच्या आजारानंतरचे उपचार' असं लिहिलं आहे.

माझं काम थोडक्यात असं. मेंदूला मार बसलेल्या माणसाला पुन्हा जेवता, न्हाता, शर्टाची बटणं लावता यायला हवीत. हातपाय हलायला लागले की घरचे पेढे वाटतात. माझं काम बहुतेक वेळा त्यानंतर सुरू होतं, कारण हलणं वेगळं आणि जग ओळखणं वेगळं.

आपण डोळ्यांनी बघतो, हे अर्धंच खरं. डोळा फक्त चित्र आत घेतो. दोन्ही डोळ्यांतल्या तारा आत जाऊन एका जागी एकमेकींना ओलांडतात, आणि समोरच्या देखाव्याचा डावा अर्धा भाग उजव्या मेंदूकडं जातो, उजवा अर्धा डाव्या मेंदूकडं. मधल्या एका ठाण्यावर थांबून ते सगळं डोक्याच्या पार मागच्या भागात पोचतं. तिथं रेघा, रंग, हालचाल एवढंच कळतं. पुढं दोन वाटा फुटतात. खालची वाट कानाच्या बाजूनं जाते, ती सांगते की समोर काय आहे. वरची वाट टाळूच्या दिशेनं जाते, ती सांगते कुठं आहे. खालची वाट बंद पडलेले एक गुरुजी माझ्याकडं यायचे. वर्तमानपत्र वाचायचे, रस्ता ओलांडायचे, पण बायकोचा चेहरा ओळखू यायचा नाही. त्या माउलीला घरातल्या घरात "मी आहे हो, मी" असं बोलत हिंडावं लागे.

आबांची वरची वाट गेली होती. उजव्या मेंदूतली.

आबा म्हणजे रंगनाथ आबा, हिवरे बाजारच्या अलीकडच्या एका गावचे. बायको मागंच वारलेली. वस्तीवर चार गाई, मुलगा संतोष एमआयडीसीत कामाला, सून मनीषा आणि तिची लहान मुलगी. लेक सुनंदा गावातच दिलेली. आबांना झटका आला, ते दवाखान्यात राहिले आणि पायांवर चालत घरी आले. जीभ शाबूत, हात वर होतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही नजर चांगली असल्याचं सांगितलं. सगळे म्हणाले, बरे झाले.

आपल्याकडं डाव्या हाताला मान नाही. जेवण उजव्यानं, प्रसाद उजव्यानं, देणंघेणं उजव्यानं. त्यामुळं एखाद्याचं डावं अंग जगातून नाहीसं झालं तरी घरात लवकर कुणाला कळत नाही. आबांचं कळलं ते गाईमुळं. धार काढायला ते बसायचे, पण त्यांच्या उजव्या हाताकडचेच सड पिळायचे आणि उठायचे. कास अर्धी तटतटलेली. शेवटी गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून टणक झाली. मनीषा मला म्हणाली, "ताई, सांगाया गेलं की म्हंत्यात, काढली की समदी. खोटं न्हाई बोलत हो ते. त्यान्ला खरंच वाटतं समदी काढली."

ताटाचंही तेच. ताटाच्या उजवीकडची भाजी संपायची, डावीकडची चटणी-भाकरी तशीच. आणि वर आरडाओरडा, "अर्ध्या पोटी उठीवती मला!" मनीषा ताट फिरवून ठेवायची, की डावीकडचं उजवीकडं यायचं, आणि आबा "आता कशी आली भाकर?" म्हणून जेवायचे. सुनंदानं ओरडणं ऐकलं होतं. ताट फिरवणं पाहिलं नव्हतं.

लोक विचारतात, मग डावीकडं त्यांना अंधार दिसतो का? नाही. तुमच्या डोक्याच्या मागं आत्ता तुम्हाला काय दिसतंय? काळं दिसतंय का? काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही याची तुम्हाला खंतही नाही. आबांना डावीकडं तसं होतं. मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा भाग फक्त उजवीकडं. म्हणून डावा भाग गेला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला तर डाव्या बाजूला राखणदारच उरत नाही. एसटी स्टँडवर गाडी येऊन उभी आहे, पण ती आली हे पुकारणारा खुर्चीवर नाही. मग ती गाडी प्रवाशांसाठी आलेलीच नसते.

त्यांच्या घरी गेले तेव्हा आबांची खाट डावी बाजू भिंतीला लावून टाकलेली होती. दार, टीव्ही, येणारीजाणारी माणसं, सगळं उजवीकडं. मी म्हटलं, खाट उलटी करा, डोकं त्या टोकाला.

"उत्तरंला?" संतोष दचकला. "मॅडम, उत्तरंला डोकं मढ्याचं करत्यात."

आबा खाटेवरून म्हणाले, "बाई मला पोचवायाच आलीया."

सगळे हसले. खाट समोरच्या भिंतीला नेली, डोकं दक्षिणेलाच राहिलं आणि डावी बाजू मोकळी झाली. मग मी मनीषाला शिकवलं. आबांशी बोलायचं ते डावीकडून. पाण्याचा तांब्या डावीकडं. चालताना त्यांच्या डाव्या अंगाला राहायचं आणि "आबा, इकडं बघा" म्हणून मान वळवायला लावायची. त्यांनी आपल्याला शोधलं पाहिजे. या आजारात करायचं ते हेच, आणि आजही मी हेच सांगते. त्या दिवशी संतोष खाट हलवून ड्युटीला निघून गेला होता, सुनंदा तिच्या घरी. ऐकायला मनीषा एकटी होती.

मनीषानं मी सांगितलं तसं केलं. ही पोर सातवी शिकलेली, पण मला असं नेमकं करणारी माणसं फार थोडी मिळाली. आबा वैतागायचे. ज्या बाजूला त्यांच्या लेखी जगच नव्हतं तिथून एकदम आवाज यायचा, कुणीतरी मनगट धरायचं. "ही भुतावानी कुठनं येती?" असं ते सुनंदाला सांगायचे. आणि सुनंदा बघायची ते असं, की बापाला ज्या बाजूचं कळत नाही, नेमकी त्याच बाजूला भावजय जाऊन उभी राहते.

वस्तीपासून घासाच्या वावराकडं पायवाट जाते. वाटेवर जुनी विहीर आहे, जमिनीशी सपाट, कठडा नसलेली. जाताना ती उजव्या हाताला लागते. येताना डाव्या. आबा रोज सकाळी जाताना तिला वळसा घालून जायचे, त्यामुळं त्यांना ती दिसते याबद्दल कुणाला शंका नव्हती. एरवी येतानाही मनीषा त्यांच्या आणि विहिरीच्या मधून चालायची. त्या दिवशी तिच्या डोक्यावर घासाचा भारा होता, म्हणून ती दोन पावलं मागं राहिली. आबा सरळ विहिरीकडं सरकायला लागले. तिनं ओरडून सांगितलं, "आबा, डावीकडं हीर हाय!" शेजारच्या वावरातल्या माणसानं ओरडणं ऐकलं, मागोमाग पाण्याचा आवाज. तो धावत आला तेव्हा मनीषा विहिरीच्या काठावर हात पुढं करून उभी होती, भारा बाजूला पडलेला. अलीकडं आमच्या भागात विहिरींना पाणी राहतं, म्हणून आबा वाचले. मोटारीच्या दोरानं त्यांना वर काढलं. खांदा मोडला होता. वर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "हिनं ढकाललं मला."

आबा खोटं बोलत नव्हते. हे मला पुढं बऱ्याच जणांना समजवावं लागलं, आणि ते सगळ्यांत अवघड गेलं. चालता माणूस एकाएकी पाण्यात पडतो. वाटेत खड्डा नव्हता, हे त्यानं 'पाहिलेलं' असतं. मेंदूचा बोलणारा भाग डावीकडं, तो शाबूत. त्याला उजव्या मेंदूकडून खबर पोचलेली नसते, पण तो "मला माहीत नाही" असं म्हणत नाही. हाताशी असेल त्यातून कारण जुळवतो, आणि ते माणसाला आठवणीइतकंच खरं वाटतं.

चार दिवसांनी मनीषाचा फोन आला, माहेराहून. तिला घालवून दिलं होतं. मुलगी ठेवून घेतली होती. सुनंदानं पोलिसांत द्यायचं ठरवलं होतं, आणि संतोष काहीच बोलत नव्हता.

"ताई, मी तुमी सांगितलं तसंच केलं हो," एवढंच ती म्हणाली.

आबांना नगरच्या ज्या दवाखान्यात ठेवलं होतं तिथं मी गेले तेव्हा हवालदार जबाब घ्यायला येऊन बसले होते. खाटेच्या उजवीकडं सुनंदा आणि संतोष. आबांचा डावा खांदा बांधलेला.

"या, या," सुनंदा म्हणाली. "तुमच्याच तालमीत तयार झाली ती. आंधळ्या बाजूनं कसं जायचं ते तुमीच शिकीवलं म्हनं."

"शिकवलं," मी म्हटलं. "का शिकवलं ते दाखवते. आबांचा जबाब त्यानंतर घ्या."

हवालदारांनी खुर्ची मागं सरकवली. "घ्या मॅडम. घाई न्हाई."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही वेशीतून गावात शिरलात. मारुतीच्या देवळापर्यंत जायचंय. वाटेत काय काय लागतं?"

आबा खूश झाले. "काय लागतंय? दूध डेअरी लागती. मंग रेशनचं दुकान. अमीनभाईचं सायकलीचं दुकान. पंचायत. की देऊळ."

"आता देवळापाशी आहात. वेशीकडं तोंड करून परत निघा."

"शाळा," आबा म्हणाले. "गिरणी. भानुदास न्हाव्याचं दुकान. चिंच. की वेस."

संतोष त्याच गल्लीत वाढलेला. त्यानं मनातल्या मनात दोन्ही बाजू मोजल्या असाव्यात.

"आबा," तो म्हणाला, "डेअरी कुठं गेली?"

"कुठली डेअरी?"

"आत्ता म्हनले न्हव्हं? येताना न्हाई का लागत डेअरी?"

"असंल की तिथंच," आबा चिडले. "मला काय डेअरी इचारतूस? रोज दूध घालतूया मी."

सुनंदा म्हणाली, "वय झालं त्यांचं. इसरत्यात."

विसरले नव्हते. गल्ली आख्खी डोक्यात होती. मनातल्या गल्लीतही त्यांना फक्त उजवी बाजू दिसत होती. वळले की दुसरी. मी ते सांगितलं, पण माझ्या सांगण्यानं काही होणार नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून मी तिला म्हटलं, "ताई, तुम्ही त्या बाजूला या. आबांच्या डाव्या हाताला. आणि हाक मारा."

ती गेली. "आबा."

आबांनी मान उजवीकडं वळवली. तिथं ती आत्तापर्यंत बसलेली होती. तिथं संतोष होता.

"आबा, मी सुनंदा. हितं हाय."

"सुनंदा कुठंय?" आबांनी संतोषला विचारलं. "बाहीर गेली काय?"

"आबा, मी हितंच हाय. तुमच्याजवळ." ती वाकली, तिनं त्यांच्या बोटांना हात लावला. आबा दचकले, अंग चोरून उजवीकडं सरकले आणि ओरडले, "कोन हाय? आली का ती परत? धरा तिला! मनीषा हाय, धरा!"

सुनंदानं हात मागं घेतला. ती तशीच भिंतीला टेकली आणि खाली बसली. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण बापाच्या हातभर अंतरावर उभं राहून बापाच्या जगात नसणं काय असतं, ते त्या बाईच्या चेहऱ्यावर पाहिलं. ते पुन्हा पाहायची इच्छा नाही.

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. ते मला म्हणाले, "आमच्या आईलाबी झटका आल्ता. ती एका अंगाचीच येनी घालायची. आमी हसायचो." आबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते भेटले, तपासणीचे फोटो समजून घेतले, शेजारच्या शेतकऱ्याला पुन्हा विचारलं. ढकलताना त्यानं पाहिलं नव्हतं. ओरडणं आधी ऐकलं होतं, आवाज नंतर.

आबांना मात्र मी पटवू शकले नाही. संतोषनं समजावलं, सुनंदानं पाय धरून सांगितलं. ते शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "तुमी न्हवता तिथं. मी हुतो." ज्या भागानं हे पटवून घ्यायचं, तो भागच जळालेला. त्यावर औषध नाही, आणि माझ्याकडं युक्ती नाही. मनीषा परत आली, तेव्हाही ते तिच्या हातचं जेवायचे आणि आल्यागेल्याला हळूच सांगायचे, "हिच्यापून जपून राहा." पुढच्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि आबा गेले. त्या समजुतीतच गेले.

आता मी घरातली सगळी माणसं आल्याशिवाय डावीकडून बोलायचं शिकवत नाही. संतापलेली सून, भांडलेली लेक, ड्युटीवरचा मुलगा, सगळ्यांना बसवते. प्रत्येकाला पाळीपाळीनं त्या बाजूला उभं करते. वेळ जातो, लोक कुरकुरतात. एकट्या माणसाच्या अंगावर ती बाजू टाकत नाही.

आबांच्या दहाव्यानंतर मनीषा क्लिनिकवर आली होती. बसली, चहा घेतला. मग म्हणाली, "ताई, मेंदूचं समदं कळलं मला. पन एक इचारू? त्यांनी माजंच नाव का घेतलं?"

मी तिला खरं सांगितलं. "त्या बाजूला तुझ्याशिवाय कुणी उभंच राहत नव्हतं."

तिनं कप खाली ठेवला.

तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. ती तिच्या घरात, तिच्या मुलीजवळ आहे.